औषधे एकत्र घेताना या चुका टाळा

औषधांच्या दुकानात वीस वर्षे काढल्यावरही एक वाक्य मला रोज ऐकावे लागते : "दोन गोळ्यांमध्ये दोन तासांचे अंतर ठेवले की झाले." थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर हवेच, कारण तेथे अडथळा आतड्यात, शोषणाच्या वेळी येतो. परंतु एका औषधाने यकृतातील, औषधांचा निचरा करणारे एन्झाइमच रोखून धरले असेल, तर एक गोळी सकाळी व दुसरी रात्री घेऊन काहीच साधत नाही. नायट्यासाठी परस्पर विकत घेतलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल सीवायपी३ए४ हे एन्झाइम अडवते. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिमव्हास्टॅटिनचा निचरा त्याच एन्झाइमवर अवलंबून असल्याने ती रक्तात साचते, स्नायू दुखू लागतात, लघवी गडद होते. ही जोडी एकत्र द्यायचीच नसते.

याहून घातक चूक म्हणजे औषध बंद झाले त्याच दिवशी त्याचा परिणामही संपला, असे मानणे.

हृदयाची झडप बदललेल्या एका काकूंना क्षयरोग झाला. क्षयावरचे रिफाम्पिसिन सुरू झाल्यावर यकृत जास्त एन्झाइम तयार करू लागले, रक्त पातळ ठेवणाऱ्या अ‍ॅसिनोकूमॅरॉलचा निचरा वेगाने होऊ लागला आणि रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आयएनआर दीडवर उतरला. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू २ मिलिग्रॅमवरून ५ वर नेली, ते योग्यच होते. सहा महिन्यांनी क्षयाचे उपचार संपले, घरच्यांनी पेढे वाटले आणि ५ मिलिग्रॅम तसेच चालू राहिले. वाढलेली एन्झाइमे पूर्वपदावर यायला साधारण दोन आठवडे लागतात; मग तीच मात्रा जास्त ठरते. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा मुलगा हिरड्यांसाठी पेस्ट मागायला आला. आईच्या ब्रशला रोज रक्त लागत होते. मी फाइल आणवली. एका पानावर क्षयाची औषधे थांबवल्याची नोंद होती, तर दुसऱ्या विभागाच्या पानावर जुनीच मात्रा पुढे लिहिलेली होती. आयएनआर आठच्या वर निघाला. काकू वाचल्या, पण त्या गोळ्या माझ्याच हातून गेल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून अशा रुग्णाच्या फाइलच्या आतल्या बाजूस रिफाम्पिसिन बंद होण्याची तारीख मी लाल शाईने लिहितो आणि तिच्याखाली पुढील चार आठवड्यांच्या आयएनआर तपासणीच्या तारखा मांडतो. दुकानातली नवी मुले मोबाइलवर दोन औषधांची नावे टाकून धोक्याची लाल खूण पाहतात आणि काम संपले असे समजतात. धोका कोणत्या आठवड्यात येणार, हे त्या खुणेवरून कळत नाही. लाल खूण पाहून रुग्णाने स्वतःच गोळी बंद करणे तर त्याहून वाईट.

गर्भनिरोधक गोळ्या रिफाम्पिसिन चालू असताना, आणि ते बंद झाल्यावरही चार आठवडे, भरवशाच्या नसतात. दुसरा उपाय योजावा.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण साखर अचानक उतरू शकते.

दम्यासाठी थिओफायलिन चालू असताना विडी सोडली, तर तेही डॉक्टरांना तारखेसह सांगावे : धुरामुळे वाढलेले एन्झाइम कमी होते आणि तीच मात्रा जास्त ठरते.