जुन्या स्ट्रॅटोकास्टरची खरखर

ही इलेक्ट्रिक गिटार हातात आली की लगेच पॉलिश नको, आणि सोल्डरिंग तर नकोच. तारा सोडा, पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची पाटी) उचला, पॉटच्या (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) पाठीवरचा आकडा वाचा. माझ्या पॉटवर १३७६६३३ होतं: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ साल, ३३वा आठवडा. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची नाही, एवढं नक्की.

नॉब फिरवताना येणारी खरखर बहुधा धुळीचीच. पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मल्टिमीटरवर पिकअप (तारांची कंपनं पकडणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं) सहा किलोओहमच्या आसपास असेल तर त्याला हात लावू नका. त्या वेटोळ्याची केसाहून बारीक तार मी एकदा उत्साहात तोडून बसलोय! आणि हो, जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं. चहाआधी हात धुवा.