टेपवर जाण्याआधीच आवाज घडवा : ओपी-१ वर गाणं पूर्ण करताना

माझ्याकडे टीनेज इंजिनिअरिंग कंपनीचा मूळ ओपी-१ आहे, २०११ साली आलेला. छोटा सिंथेसायझर आणि त्यातच चार ट्रॅकचा टेपसारखा रेकॉर्डर. माझी गाणी त्यातच सुरू होतात आणि त्यातच पूर्ण होतात. सुरुवात पटकन होते. चारही ट्रॅक भरले की मात्र सगळं एकमेकांवर चढतं आणि ड्रमखेरीज काही नीट ऐकू येत नाही.

याचं कारण यंत्रातच आहे. मिक्सरमध्ये लो, मिड, हाय असा तीन पट्ट्यांचा ईक्यू (खालचे, मधले, वरचे आवाज कमी-जास्त करायची सोय) आहे, पण तो चारही ट्रॅकवर एकदमच लागतो. एकट्या पॅडचा (मागे लांबत राहणाऱ्या सुरांचा) बास तिथे कापता येत नाही. ट्रॅकनिहाय हातात राहतात फक्त दोन गोष्टी, आवाजाची पातळी आणि पॅन, म्हणजे आवाज डावीकडे की उजवीकडे. म्हणजे सुराचा पोत टेपवर जाण्याआधीच ठरवावा लागतो.

मी आधी किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) आणि बास एकत्र वाजवून बघते. किकचा गाभा साधारण ५० ते ६० हर्ट्झला असेल, तर बास एक सप्तक वर घेते किंवा एन्व्हलपमध्ये (सूर कसा चढतो-विरतो ते ठरवणाऱ्या भागात) त्याचा अटॅक, म्हणजे सुरुवातीचा चढ, किंचित उशिरा ठेवते, म्हणजे किकचा ठोका आधी पोचतो. मग पॅड. पॅड एकटं ऐकताना भरदार लागतं, आणि तेच नंतर घात करतं. २०० ते ४०० हर्ट्झच्या टप्प्यात ते इतकं दाटतं की बासच्या सुरांच्या कडा पुसल्या जातात. म्हणून पॅडच्या इफेक्टच्या जागी मी नायट्रो फिल्टर लावते आणि खालचा भाग कापते. एकटं ऐकलं तर पॅड हडकुळं वाटेल. वाटू द्या. प्रत्येक आवाजाला इफेक्टची एकच जागा मिळते, त्यामुळे पॅडला स्प्रिंग रिव्हर्ब (घुमणारा पडसाद) हवा असेल तर तो मास्टर इफेक्टवर ठेवावा लागतो आणि मग तो सगळ्यांनाच लागतो. मी तो अगदी थोडा देते, बंद केल्यावरच जाणवेल इतका.

रेकॉर्ड करताना पातळी कमी ठेवा. टेपवर नवा आवाज जुन्याला पुसत नाही, त्यावर चढतो. तोच आवाज तंतोतंत दुसऱ्यांदा चढला तर पातळी ६ डेसिबलने वाढते. एका गाण्यात मी एकाच ट्रॅकवर टाळी, शेकर आणि घंटी एकामागून एक चढवली होती. घंटी पुढे येत होती, पण तोवर ती शेकरपासून वेगळी करायची वाट उरली नव्हती. तेव्हापासून ज्यांची पातळी पुढे बदलावी लागेल असं वाटतं, ते आवाज मी एका ट्रॅकवर ठेवत नाही.

चूक टेपवर गेलीच तर एक वाट आहे. तो तुकडा लिफ्ट करा (टेपवरून उचला), सिंथ सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज कळांवर वाजवणाऱ्या भागात, जाऊन ड्रॉप करा (सोडा), तिथे फिल्टर लावून पुन्हा टेपवर वाजवा. सॅम्पलरमध्ये ६ सेकंदच मावतात, त्यामुळे हे एखाद-दोन बारपुरतंच (तालाच्या आवर्तनांपुरतंच) चालतं. असं काही करण्याआधी यूएसबीने चारही ट्रॅकच्या फाइली संगणकावर उतरवून घेते.

आता मिक्सर. चारही नॉब शून्यावर आणते आणि निळ्यापासून, म्हणजे ड्रमच्या ट्रॅकपासून, सुरू करते. मग हिरवा बास, पांढरं पॅड, शेवटी नारिंगी, म्हणजे गायलेला मुख्य सूर. नारिंगी नॉब सावकाश वर नेते आणि सुरातले शब्द ओळखू यायला लागले की थांबते. त्यापुढे नेण्याचा मोह होतो, पण तो मोडते. मूळ ओपी-१ ची टेप मोनो आहे, त्यामुळे रुंदी फक्त पॅनमधूनच मिळते. किक आणि बास मध्यभागी, पॅड जरासं डावीकडे, सूर तितकाच उजवीकडे.

यंत्राच्या छोट्या स्पीकरवर बास ठरवू नका, तो तिथे जवळजवळ येतच नाही. हेडफोन घ्या आणि आवाज हळू ठेवा. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. हळू ऐकताना बास थोडा मागे वाटला तर मी तसाच सोडते, मोठ्याने लावल्यावर तो आपोआप पुढे येतो. मुख्य सूर मात्र हळू आवाजातही स्पष्ट हवा. मास्टरचा ड्राइव्ह (सगळा आवाज दाबून जाड करणारा नॉब) सगळ्यात शेवटी वाढवा. किकचा ठोका बोथट व्हायला लागला की नॉब मागे घ्या.

मग अल्बम, म्हणजे यंत्रातच होणारं शेवटचं रेकॉर्डिंग. इथे गाणं स्टिरिओमध्ये एका दमात उतरतं आणि मी ते वाजवल्यासारखंच करते. दुसऱ्या कडव्याआधी पॅड म्यूट, शेवटच्या बारला परत. टेपच्या सुरुवातीला एक बार रिकामा ठेवते. शेवटचा सूर थांबल्यावरही रेकॉर्डिंग लगेच बंद करत नाही, स्प्रिंग रिव्हर्बची शेपटी पूर्ण विरेपर्यंत हात बाजूला ठेवून बसते.