केंद्रप्रमुखाची पहिली शाळाभेट: निघण्याआधी

आसपासच्या शाळांचा गट सांभाळणारे केंद्रप्रमुख म्हणून पहिल्यांदा शाळेत निघालात? आधी दिवस नीट निवडा. गावच्या आठवडे बाजाराचा नको. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा दिसणारच. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात तर दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. त्या हजेरीवरून गुरुजींना जोखू नका. अचानक धडकायचा मोहही आवरा. चार दिवस आधी फोन करा आणि कुठला पाठ बघू, हे त्यांनाच विचारा. ‘भागाकार काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरत नाही, तोच बघा,’ असं कुणी म्हणालं, तर निम्मी भेट फोनवरच झाली.

पिशवीत साधी वही, पाणी आणि स्वतःचा डबा. साहेबांच्या चहा-फराळापायी एक तास वाया जायला नको. माहितीचे तक्ते त्या दिवशी मागूच नका. केंद्रप्रमुख हे पद 1994 साली आलं ते शिक्षकांना शिकवण्यात मदत व्हावी म्हणून. तक्ते गोळा करणं मागाहून चिकटलं. शाळेच्या शेरेबुकात, म्हणजे भेटीला येणाऱ्यांनी शेरे लिहायच्या वहीत, तारीख, वेळ आणि पाहिलेला पाठ, एवढंच. तिथला शेरा पुढे येणारा प्रत्येक अधिकारी वाचतो, त्यामुळे त्रुटी तिथे नकोत.

वर्गात मागे, पोरांच्या सतरंजीवर बसा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा: डावीकडे जे ऐकलं ते जसंच्या तसं, उजवीकडे विचारायचे प्रश्न. ‘वर्गनियंत्रण चांगले’ हे डावीकडे बसत नाही. ‘मुलगी म्हणाली, मना मामा उना. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं, खाली माझा मामा आला असं लिहिलं, मग तीच मुलगी आणखी दोन वाक्यं बोलली,’ हे बसतं. वर्गात अहिराणी, म्हणजे पोरांची खानदेशी घरबोली, ऐकू आली म्हणून कपाळाला आठ्या घालणारे साहेब अजून आहेत. तुम्ही त्यांतले नसाल तर बाईंना ते कळू द्या.

बाईंशी बोलणं त्याच दिवशी, पोरं खिचडीला बसली की, आणि मुख्याध्यापकांसमोर नाही. वही बाईंच्या हातात द्या, आधी त्यांना बोलू द्या. सुधारणा एकच ठरवा, तीही त्यांनी निवडलेली. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, या वर्गाचं उदाहरण द्यायचं असेल, तर इथेच विचारून घ्या.

निघताना पुढची तारीख नक्की करा. त्या दिवशी भागाकार तुम्ही शिकवायचा. मागे बसून वही बाईंनी भरायची.