घाटात क्लच घसरायचा, गावात गिअर अडायचा

हँडलवर गिअर असलेली जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिन ओरडायचं, पण वेग वाढत नव्हता. म्हणजे इंजिनची ताकद चाकाकडे नेणारा क्लच घसरतोय. याउलट हँडलवरची क्लचची दांडी पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच सुटत नाही. दोन आजार वेगळे, उपायही उलटे.

आधी फुकटातलं बघा. दांडीच्या टोकाला दोनेक मिलिमीटर ढिलाई हवी. केबल ताणलेली असेल तर क्लचच्या प्लेटा सतत अर्धवट सुटलेल्या राहतात, घसरतात नि जळतात. निपलजवळ, म्हणजे केबलच्या टोकाच्या गुंडीजवळ, तारा तुटल्या असतील तर केबलच बदला.

मग ऑइल. हा क्लच गिअर ऑइलमध्येच बुडालेला असतो. माझ्या गाडीत कुणीतरी कारचं पातळ, घर्षण कमी करणारं इंजिन ऑइल ओतलं होतं. साधं एसएई ३० (जाडीचा ग्रेड) ऑइल घालायचं, गाडी सरळ उभी करून, भरायच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. साधारण पाव लिटर.

तरीही घसरली. गाडी उजवीकडे आडवी करून क्लचचं कव्हर उघडलं. प्लेटांवरचे कॉर्क काचेसारखे गुळगुळीत, जळका वास! नव्या कॉर्क प्लेटा रात्रभर त्याच ऑइलमध्ये भिजवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून पाहिल्या, एक डुलत होती, ती बदलली. स्प्रिंगाही नव्या. क्लचच्या नटाखालचा लॉक वॉशर (नट सैल होऊ न देणारी चकती) पुन्हा वापरू नका.