टच पॅनेल वाय-फायला जोडताना या चुका टाळा

भिंतीवरचं टच पॅनेल मीटिंग रूमबाहेरचं असो, घरातले दिवे-पडदे चालवणारं असो, नाहीतर कारखान्यात मशीनवर बसवलेलं असो, वाय-फाय जमलं नाही की स्क्रीनवर एकच ओळ येते: कनेक्शन फेल्ड. का, ते सांगायची पद्धत नाही. मग साइटवरचा माणूस राऊटर उघडतो आणि सिक्युरिटी एकेक पायरी खाली आणत जातो. कधीतरी पॅनेल जोडलं जातं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि राऊटर तसाच राहतो. एका पॅनेलच्या हट्टापायी सगळ्या ऑफिसचं नेटवर्क उघडं पडतं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

बऱ्याच जुन्या पॅनेलच्या सिक्युरिटीच्या यादीत डब्ल्यूईपी, म्हणजे वाय-फायचं सगळ्यात जुनं कुलूप, अजून दिसतं. ते निवडूच नका. १९९७ सालच्या या पद्धतीतली भोकं २००१ मध्येच चव्हाट्यावर आली, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी तिची १०४ बिटांची चावी मिनिटाच्या आत काढून दाखवली. पॅनेलला डब्ल्यूईपीच्या पुढचं काही येतच नसेल, तर वाय-फायचा नाद सोडा आणि केबल ओढा.

पॅनेलला डब्ल्यूपीए२, म्हणजे त्यानंतरची भक्कम पद्धत, येत असेल तर पॅनेल आणि राऊटर दोन्हीकडे ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ (सगळ्यांना एकच पासवर्ड आणि भक्कम एन्क्रिप्शन) ठेवा. ‘मिक्स्ड’ किंवा ‘ऑटो’ सोयीचं वाटतं, पण त्यात टीकेआयपी हे एईएसच्या आधीचं एन्क्रिप्शन मागच्या दाराने आत येतं. ते जुनाट आहेच, वर वेगही मारतं: टीकेआयपीवर चालणारं उपकरण ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. बेलचा कॅमेरा पॅनेलवर अडखळत दिसतो, त्यामागे कधी कधी एवढंच असतं.

नव्या राऊटरवर उलटी भानगड. तिथे डब्ल्यूपीए२ च्या पुढची पद्धत, डब्ल्यूपीए३, चालू असते. मोबाइल चटकन जोडले जातात, पॅनेल मात्र बाहेर. राऊटरवर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालणारा ट्रान्झिशन मोड लावा आणि प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांचं संरक्षण) ‘रिक्वायर्ड’ असतील तर ‘ऑप्शनल’ करा. तरीही काही पॅनेल अडून बसतात. अशा पॅनेलना २.४ गिगाहर्ट्झवर वेगळं नाव आणि वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला वेगळा केलेला कप्पा) द्या, फक्त डब्ल्यूपीए२. बाकीच्या नेटवर्कला हात लावायची गरज नाही.

आता पासवर्ड. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून जरा सविस्तर. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र ४०९६ वेळा घोळवून चावी तयार होते. म्हणजे पासवर्ड अगदी बरोबर असला आणि नावात एक अक्षर लहानाचं मोठं झालं, तरी चावी वेगळी. नाव हाताने टाइप करू नका, स्कॅन करून यादीतून निवडा. पॅनेलचा कीबोर्ड इवलासा असतो, पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं, शून्य आणि ओ सारखे दिसतात. डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड उघडा दिसू द्या आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचून ताडून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून पॅनेलच्या वेब पेजवर पेस्ट केला असेल, तर शेवटी रिकामी जागा चिकटलीय का ते बघा. आपल्याकडचा खास घोटाळा म्हणजे मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असताना राऊटरचा पासवर्ड बदलणे. त्यात आकडे देवनागरी पडतात. नियमाप्रमाणे पासवर्ड ८ ते ६३ इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हांचाच. राऊटरने देवनागरी आकडा चालवून घेतला तरी पॅनेलच्या कीबोर्डवर तो कुठून आणणार?

एक खूण मात्र ध्यानात ठेवा. पॅनेलवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिसतोय आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आहे? मग पासवर्ड बरोबर आहे. चुकला असता तर गाडी तिथवर पोचलीच नसती. अडचण डीएचसीपीत (आयपी वाटणाऱ्या सेवेत) किंवा व्हीलॅनमध्ये आहे, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करण्यात वेळ घालवू नका.

कंपन्यांमध्ये पीईएपी किंवा ईएपी-टीएलएस (सर्व्हरकडून लॉगिन किंवा सर्टिफिकेट तपासून आत घ्यायच्या पद्धती) असतं, तिथे आधी पॅनेलचं घड्याळ बघा. आतला सेल संपलेला असतो, वीज गेली की तारीख थेट काही वर्षं मागे जाते आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं पॅनेलला वाटतं. वेळ नेटवर्कवरून घ्यायची तर आधी नेटवर्क हवं! म्हणून तारीख हाताने लावा, आणि महिना आधी की दिवस आधी हे पाहूनच. ‘सर्टिफिकेट तपासू नका’ या चौकटीत टिचकी मारून मोकळं व्हायचा मोह आवरा. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कोणी उभं केलं तर पॅनेल मुकाट्याने तिथे लॉगिन द्यायला जाईल. घड्याळ बरोबर असूनही सर्व्हर नकार देत असेल, तर पॅनेल टीएलएस १.० या एन्क्रिप्शनच्या जुन्या आवृत्तीवरच अडकलेलं असू शकतं. ते २०२१ मध्ये अधिकृतपणे निकालात निघालंय. फर्मवेअर अपडेट मागा.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांच्या हार्डवेअर पत्त्यांनाच परवानगी) यांना सुरक्षा समजू नका. दोन्ही हवेतून सहज वाचता येतात, त्रास फक्त तुम्हालाच. आणि पॅनेलला नेटवर्कच दिसत नसेल तर त्याचा रीजन तपासा. अमेरिकेवर असेल तर १२ आणि १३ नंबरचे चॅनल त्याला दिसणार नाहीत, भारतात ते चालतात.

पासवर्ड बदलताना क्रम पाळा: आधी पॅनेलमध्ये नवा भरा, सेव्ह करा, मग राऊटर बदला. काही मॉडेल रीबूट केल्याशिवाय नवी सेटिंग घेत नाहीत, नुसतं बॅक दाबलं तर भरलेलं सगळं वाया.

सेटिंग पेजचा कंपनीकडून आलेला पिन त्याच दिवशी बदला, तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. पॅनेल दुरुस्तीला किंवा भंगारात देणार असाल तर फॅक्टरी रीसेट करूनच द्या, वाय-फायचा पासवर्ड त्यात तसाच पडून असतो. बंद पडल्यामुळे रीसेट करता येत नसेल, तर ते बाहेर पाठवायच्या आधी राऊटरचा पासवर्ड बदला.