'बॉरो' की 'लेंड'? आधी कर्ता पाहा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या भाचीने परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारच्या ताईंना मेसेज केला: 'प्लीज बॉरो मी युअर कॅल्क्युलेटर.' चूक कुठून आली ते लगेच कळतं. मराठीत 'उसनं' एकच, गुजरातीत 'उछीनुं' एकच. दिशा ठरते ती पुढच्या घेणं-देणं, लेवुं-आपवुं यांवरून. इंग्रजीत ही दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं.

म्हणून वाक्याचा कर्ता कोण, ते आधी पाहा. वस्तू कर्त्याकडे येत असेल तर बॉरो, त्याच्याकडून जात असेल तर लेंड. 'कॅन आय बॉरो युअर कॅल्क्युलेटर?' आणि 'कॅन यू लेंड मी युअर कॅल्क्युलेटर?' दोन्ही बरोबर, मागणी एकच. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तक आपण बॉरो करतो, लायब्ररी ते आपल्याला लेंड करते. कोणाकडून घेतलं ते सांगायचं असेल तर बॉरोला 'फ्रॉम' लागतं, 'टू' कधीच नाही.

लेंडचा भूतकाळ लेंट. आणि जागची न हलणारी गोष्ट, जसं शेजाऱ्यांचं बाथरूम, तिथे सरळ 'यूज' म्हणा.