पॉटलकला डबाबंद शॉर्टकट मारताय? मग या चुका टाळा

थँक्सगिव्हिंगचा आठवडा आला की माझा फोन पेटतो. "अगं कॅसरोल (ट्रेमध्ये ओव्हनला लावलेला पदार्थ) नुसतं पाणी पाणी झालंय, काय करू?" "पाय (pie, म्हणजे तो गोड पदार्थ) सेट होत नाहीये, फ्रीझरमध्ये टाकू का?" आणि हे सगळं कधी, तर पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, निघायच्या दीड तास आधी. अमेरिकेत येऊन मला बरीच वर्षं झाली, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ऑफिसचं एक, मुलांच्या शाळेचं एक, आपल्या मंडळींची दोन-तीन अशी पॉटलक्स होतातच आणि दरवर्षी चुका त्याच, फक्त करणारी माणसं नवीन. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय, पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवीन.

आधीच सांगते, मी शॉर्टकटच्या विरोधात अजिबात नाहीये. नोकरी, पोरं, आठवड्याच्या मधेच कुणीतरी ठरवलेलं पॉटलक, यात कोण भोपळा भाजून त्याचा गर काढत बसणार? कॅन ओपनर हे माझ्या किचनमधलं सगळ्यात झिजलेलं हत्यार आहे. माझी चिडचिड होते ती शॉर्टकटमध्ये पण शॉर्टकट मारणाऱ्यांवर. डब्याने तुमचा दीड तास वाचवलाय ना, मग त्यातली दोन मिनिटं त्याच्या मागचं बारीक अक्षर वाचायला द्या की.

कंडेन्स्ड सूपमध्ये पाणी ओतणे, आणि वर मीठही घालणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे त्यामुळे हक्काने बोलते.

पहिल्याच वर्षी ऑफिसच्या पॉटलकच्या लिस्टमध्ये मी मोठ्या उत्साहाने ग्रीन बीन कॅसरोलसमोर (हिरव्या शेंगांचं कॅसरोल) नाव लिहिलं. कुणीतरी सांगितलं होतं की यापेक्षा सोपं काही नाही. खरंच नाहीये. १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला कॅम्पबेल या सूपच्या कंपनीच्या टेस्ट किचनमध्ये डॉर्कस राइली आणि तिच्या टीमने ही रेसिपी बनवली तीच मुळी घरात असणाऱ्या डब्यांमधून पटकन काहीतरी व्हावं म्हणून. मशरूम सूपचा एक डबा, अर्धा कप दूध, चमचाभर सोया सॉस, मिरपूड, चार कप शिजवलेल्या शेंगा आणि तळलेल्या कांद्याचं पाकीट. संपलं. यात मीठ कुठेही नाही, नीट बघा.

पण मी कसली बघतेय. सूपच्या डब्यावर लिहिलं होतं एक डबा पाणी घाला, घातलं. ती सूचना सूप पिणाऱ्यासाठी असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कंडेन्स्ड म्हणजे आटवलेलं, कॅसरोलमध्ये तो दाटपणाच तर आपल्याला हवा असतो. मग शेंगा कॅनमधल्या, त्या निथळायच्या असतात हे माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचं खारट पाणीसुद्धा आत. सोया सॉस आत. आणि मग आपली सवय, एवढी ट्रेभर भाजी आणि मीठ नाही असं कसं, म्हणून अंदाजाने दीड चमचा मीठ. कच्चं कॅनमधलं सूप चाखायचं कसं म्हणून चाखलं पण नाही. कांदा सगळाच्या सगळा सुरुवातीलाच वर पसरला, तो अर्ध्या तासात काळाठिक्कर.

ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी एक घास घेतला, हसून "व्हेरी फ्लेवरफुल" म्हणाल्या आणि पाण्याची बाटली एका दमात रिकामी केली. अख्खा ट्रे परत आला. पार्किंग लॉटपर्यंत तो उघड्यावर धरून नेताना जी लाज वाटली ना, ती अजून आठवते.

आता हिशेब बघा. त्या सूपच्या एका डब्यात सोडियम साधारण २००० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि इथल्या लेबलांवर मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा धरलेली असते २३०० मिलिग्रॅम. त्यात सोया सॉस खारट, कांदा खारट, वर चीज टाकलंत तर तेही खारट. डबाबंद वस्तू एकेकटी चाखली तर ठीक लागते, चार एकत्र आल्या की मिठागर होतं. हे फक्त या कॅसरोलचं नाही, स्टफिंग मिक्स (मसालेदार ब्रेडच्या तुकड्यांचं पाकीट), टॅको मसाल्याचं पाकीट, कांद्याच्या सूपची पूड घातलेलं डिप, सगळ्यांचं तेच.

त्यामुळे माझा नियम, पाकिटातलं काहीही वापरलं तर मिठाचा डबा ओट्यावर घ्यायचाच नाही. सगळं एकत्र करून, गरम करून, मग एक चमचा खाऊन बघायचं. शेंगा मी फ्रोझन घेते, पाच मिनिटं उकळून चाळणीत चांगल्या निथळते. कॅनमधले राजमा, छोले असतील तर ते नळाखाली धुतेच धुते. कांदा अर्धा आत मिसळायचा आणि अर्धा शेवटच्या पाच मिनिटांत वर. बाहेर न्यायचं असेल तर तो अर्धा कांदा झिपलॉकमध्ये वेगळा न्यायचा आणि तिथे जाऊन घालायचा, नाहीतर गाडीत झाकणाखाली त्याचा लगदा होतो.

खारट झालंच असेल तर? बटाटा टाकून मीठ "शोषून घ्यायच्या" भानगडीत पडू नका. अजून दोन पाकिटं फ्रोझन शेंगा उकळून त्यात ढकला, दूध वाढवा, म्हणजे पदार्थच वाढवा. दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.

भोपळ्याचे दोन डबे

"पम्पकिन प्युरे" आणि "पम्पकिन पाय मिक्स" शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला जुळी भावंडं. पहिल्यात फक्त भोपळा. दुसऱ्यात साखर आणि मसाले आधीच घातलेले. रेसिपीत प्युरे लिहिलंय आणि तुम्ही मिक्स आणलंत, वर रेसिपीतली साखरही घातलीत, तर तो पाय मुंग्यासुद्धा विचार करून खातील. तीच गोष्ट इव्हॅपोरेटेड मिल्क आणि कंडेन्स्ड मिल्कची. एकात साखर नाही, दुसरं म्हणजे साखरच. आपल्याकडच्या लोकांचा यात हमखास गोंधळ होतो कारण आपल्याला मिल्कमेड म्हणजेच डब्यातलं दूध एवढंच माहीत असतं.

मँगो पाय: जिलेटिन काढलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं

आता माझ्या दुसऱ्या लाडक्या चुकीकडे येते. आपल्या कुठल्याही पॉटलकला मँगो पाय असतोच. हापूस नाहीतर केसरच्या पल्पचा मोठा डबा, क्रीम चीज, कूल व्हिप (टबात मिळणारं, फेटलेल्या क्रीमसारखं फ्रोझन टॉपिंग), तयार ग्रॅहम क्रॅकरचा क्रस्ट (म्हणजे पायचा बिस्किटांचा तळ), आणि घट्ट व्हायला जिलेटिन. शॉर्टकटचा कळस आहे, आणि मला तो मनापासून आवडतो.

पण जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यातून, त्यामुळे शाकाहारी मंडळी आली की आपण म्हणतो त्यात काय, अगार अगार घालू. म्हणजे आपलं चायना ग्रास. आणि मग जिलेटिनची जी पद्धत तीच तशीच्या तशी वापरतो. इथेच घोडं पेंड खातं.

एका डिसेंबरमध्ये चाळीस माणसांसाठी मला चार पाय करायचे होते. त्यातल्या बऱ्याच जणांचे आई-वडील भारतातून आलेले, त्यामुळे जिलेटिन बाद. पहिल्या दोन पायांसाठी मी अगारची पावडर गार पाण्यात भिजवली, वर गरम पाणी ओतून ढवळली, पल्पमध्ये मिसळली. रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बघते तर आंब्याचं रायतं, आणि जिभेवर कचकच. कारण अगार नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, ते उकळावं लागतं. जिलेटिनला उकळी नको असते आणि अगारला उकळीशिवाय जमत नाही, दोघांचे स्वभाव उलटे.

बरं, कळलं म्हणून उरलेल्या दोन पायांसाठी अगार नीट खळखळ उकळलं आणि ते ओतलं फ्रिजमधून काढलेल्या थंडगार पल्प आणि क्रीम चीजमध्ये. पडताक्षणी त्याच्या शेवया झाल्या. अक्षरशः शेवया, मी चाळणीतून गाळून काढल्या. अगार साधारण ३२ ते ४० डिग्री सेल्सिअसलाच घट्ट व्हायला लागतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला पण ते बसतं, आणि एकदा बसलं की परत पातळ व्हायला त्याला ८५ डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं. थंड पल्पमध्ये त्याला मिसळायला वेळच मिळत नाही. त्या संध्याकाळी आम्ही मँगो पायऐवजी वाट्यांमध्ये "मँगो मूस" नेलं. लोकांनी आवडीने खाल्लं, रेसिपी पण मागितली, पण तो माझा अपमान तो अपमानच.

आता मी काय करते, क्रीम चीज आणि अर्धा पल्प दोन तास आधी बाहेर काढून ठेवते. उरलेला अर्धा पल्प थोडं पाणी घालून पातेल्यात घेते, त्यातच अगार घालते, सतत ढवळत दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू देते, आणि गरम असतानाच बाकीच्यात घालून मिक्सरने भराभर फिरवून लगेच क्रस्टमध्ये ओतते. फोन सायलेंटवर, पोरं दुसऱ्या खोलीत. कूल व्हिप आत घालत नाही, खायच्या आधी वर लावते. जिलेटिनपेक्षा अगार बरंच कमी लागतं, त्यामुळे तेवढ्याच मापाने घातलंत तर पायाचा खोडरबर होईल. पाकिटावरचं माप घ्या आणि आधी एका वाटीत ट्रायल करा. ट्रायलला वेळ नाही म्हणणाऱ्यांनी चिप्स घेऊन यावं, चिप्सही लागतातच.

आणि हो, कूल व्हिप मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका. आठ औंसाच्या टबाला फ्रिजमध्ये चार तास लागतात. ते आदल्या दिवशी आठवायला हवं होतं.

जाता जाता, जेलोमध्ये (जिलेटिनच्या गोड जेलीत) ताजा अननस घातला तर जन्मात सेट होणार नाही. त्यातलं एन्झाइम जिलेटिनच तोडून टाकतं. फ्रोझन अननसाचंही तेच, किवीचंही तेच. कॅनमधला चालतो कारण तो आधीच तापवलेला असतो. शॉर्टकट हा ताज्यापेक्षा भारी ठरतो अशी ही एक जागा.

"व्हेज आहे" असं न वाचताच सांगणे

याचा मला खरंच राग येतो. चव बिघडली तर हसून सोडता येतं, पण कुणाच्या सासूबाईंनी आयुष्यभर पाळलेलं तुमच्या घाईपायी मोडायचं म्हणजे काय? भाज्यांचं स्टफिंग म्हणून आणता आणि पाकिटात चिकनचा अर्क असतो. रिफ्राइड बीन्सच्या काही डब्यांत डुकराची चरबी असते. रताळ्याच्या कॅसरोलवरचे मार्शमेलो म्हणजे परत जिलेटिनच. वुस्टरशर सॉसमध्ये मासे. काही फ्रोझन पाय क्रस्टमध्येही चरबी असते. मी प्रत्येक डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवते, एवढंच. काकूंनी विचारलं की फोन पुढे करायचा.

बाकीच्या, पटापट

फ्रोझन पालक पिळा. वितळवून, टॉवेलमध्ये घालून, दोन्ही हातांनी, आणि पिळून झाला असं वाटलं की अजून एकदा.

किसलेलं चीज पिशवीतून थेट सॉसमध्ये नको. ते एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, सॉस रवाळ होतो. वर भुरभुरायला चालेल, मॅक अँड चीजसाठी ठोकळा आणून किसा.

जुन्या रेसिपीतलं "केक मिक्सचा एक बॉक्स" आणि आजचा बॉक्स एक नाही. पूर्वी १८.२५ औंसाचे असायचे, मग १५.२५ झाले, काही तर त्याहून लहान. मैत्रिणीच्या वहीतली रेसिपी बिघडली तर मैत्रिणीला दोष देऊ नका. मी दुसऱ्या बॉक्समधलं वजन करून ८५ ग्रॅम घालते.

पफ पेस्ट्री मायक्रोवेव्हमध्ये टाकली की लोणी वितळलं आणि पदर गेले. रात्रीच फ्रिजमध्ये काढा. सकाळी आठवलं तर ओट्यावर चाळीसेक मिनिटं, आणि तेवढ्यात शंभर वेळा उलगडून बघू नका, चिरते.

स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) बर्फाचं कच्चं चिकन टाकू नका, ते फार वेळ कोमट राहतं. आधी शिजवलेले गार पदार्थही त्यात गरम करायला ठेवू नका. आधी गॅसवर किंवा ओव्हनमध्ये १६५ फॅरनहाइटपर्यंत तापवा, मग त्यात ओता, अशा पदार्थांसाठी ते भांडं फक्त गरम ठेवायला आहे. आणि टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं दूध-चीज-मांसाचं काही घरी परत नेऊ नका. कितीही जीव तुटला तरी.

शेवटचं ते ॲल्युमिनियमच्या ट्रेचं. भरलेला ट्रे दोन्ही कडांना धरून उचलला की मधून घडी पडते. माझ्या नवऱ्याने फ्रोझन लझानिया दीड तास भाजून, गरमागरम, असा उचलला आणि तो गाडीच्या सीटवर उभा दुमडला. तेव्हापासून आमच्या डिकीत एक जुना बेकिंग शीट कायमचा पडून असतो, आणि सीट बेल्टच्या खाचेत अजून थोडं चीज आहे.